आईचं डोकं

सिग्नल लाल होता, मी स्कूटरवरून एक पाय खाली टेकून उभी होते, आणि समोरच्या फुटपाथवरून आई चालली होती. यात विशेष काही नाही. आई रोज सकाळी बाहेर पडते, भाजी चिवडते, कुणाशी तरी वाद घालते, माहजोंग खेळायला जाते. पण तिच्या डोक्यावर टोपी होती. तीच, मरून लोकरीची, कानांवर ओढून घ्यायची, मागं शिवण उसवलेली. जून महिना, चेंगडूचं आभाळ नेहमीसारखं मळकट, घामानं कपडे अंगाला चिकटतायत, आणि ही बाई लोकरीची टोपी घालून, उजवा अंगठा कानशिलात रुतवून, भिंतीच्या कडेकडेनं हळूहळू चाललीय. ही टोपी मला आज दिसायला नको होती. कारण नव्या वर्षाच्या सणापासून माझ्या आईचं डोकं दुखत नव्हतं. तिनं स्वतःच तसं जाहीर केलं होतं. टोपी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली होती, मी माझ्या हातानं तिच्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. आजच सकाळी पेज पिताना मी विचारलं होतं, डोकं कसं आहे, आणि ती म्हणाली होती, कुठलं डोकं? मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, दिवा कधीच हिरवा झाला होता. मला सरळ जायचं होतं, हॉस्पिटलला. मी डावीकडे वळले, आईच्या मागं गल्लीत.

ती टोपी माझ्याच वयाची आहे असं म्हटलं तरी चालेल. आधी टोपी नव्हती, फडकं होतं, आणि ते आजीनं बांधलं होतं. आजी म्हणजे वडिलांची आई, रेशमाच्या गिरणीत उभं आयुष्य काढलेली बाई. माझा जन्म ऐन ऑगस्टमधला. आमच्याकडे बाळंतिणीनं महिनाभर खोलीबाहेर पडायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही आणि काहीही झालं तरी डोकं धुवायचं नाही. डोक्यात वारा शिरतो आणि मग जन्मभर बाहेर निघत नाही, असं म्हणतात. माझ्या आईनं त्या महिन्यात डोकं धुतलं. एवढंच. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल? पाहुणे आले की, शेजारीण आली की, शाळेत पालकसभा असली आणि आई गेली नाही की. "हिच्या महिन्यात डोकं धुतलं ना मी," असं म्हणून आई माझ्याकडे बघायची. रागानं नाही हं, हसूनच. आणि मग दार बंद, पडदे बंद, सगळ्या घरानं चवड्यावर चालायचं. मी जिन्यावर बसून अभ्यास करायची. आतून कधी कधी वांतीचा आवाज यायचा. मी मनात म्हणायची, मी जन्मले नसते तर आज आई उठून बसली असती आणि आम्ही दोघी बागेत गेलो असतो. लहान पोराचा हिशोब सरळ असतो. तो चुकीचा आहे असं त्याला कुणी सांगितलं नाही तर तो तसाच राहतो.

चार-पाच वर्षांची झाल्यावर मला आत जायची परवानगी मिळाली. आजीनंच शिकवलं, भुवईचं टोक आणि डोळ्याचा कोपरा यांच्या जरा मागं जो खळगा आहे तिथं अंगठे ठेवायचे आणि दाबायचं, घाई करायची नाही. माझे अंगठे एवढेसे. आई डोळे मिटून म्हणायची, "हं. तिथंच. माझी याओमेई." याओमेई म्हणजे सगळ्यात धाकटी. मी एकुलती एक, म्हणजे सगळ्यात थोरलीही मीच, पण आमच्या भागात लाडाचं हे असंच चालतं. तो अंधार, आईच्या केसांतला घाम, चुलीवर शिजणाऱ्या माशाच्या डोक्याचा आणि त्यात टाकलेल्या मुळीचा उग्र वास. ही मुळी आईच्या माहेरची, डोंगराच्या पायथ्याची. छ्वानश्योंग तिचं नाव. डोकेदुखीच्या काढ्यात ती पडली नाही असं सहसा होत नाही. मामा पोत्यानं आणून टाकायचा. आमच्या घराला, माझ्या दप्तराला, वडिलांच्या कोटाला त्या मुळीचा वास होता, आणि अजूनही मला तो वास आला की वाटतं, हळू बोलायला पाहिजे. खरं सांगायचं तर त्या अंधाऱ्या खोलीइतकं सुख मला नंतर कुठंच मिळालं नाही. माझ्यामुळे दुखतंय आणि माझ्या अंगठ्यांनी थांबतंय. हे काय साधं नातं आहे?

मग मी डोकेदुखीचीच डॉक्टर झाले यात नवल ते काय. पांग म्हणतो, डॉक्टरबाई, तुम्ही आईच्या पोटात असतानाच विषय निवडला. पांग म्हणजे आमच्या विभागातला सुया टोचणारा सगळ्यात जुना माणूस, पोटानं गोल, बोलायला तिखट, हाताला मऊ. गेली काही वर्षं आम्ही एक अभ्यास चालवतोय. अर्धशिशीच्या अर्ध्या रोग्यांना खऱ्या जागी सुई, अर्ध्यांना जरा बाजूला, जिथं टोचून काही होऊ नये अशा जागी. रोग्याला माहीत नाही आपण कुठल्या बाजूचे. पांगला माहीत आहे, म्हणून त्याला तोंड उघडायची बंदी. आणि हीच त्याची शिक्षा. कारण सुई टोचली की आमच्याकडे विचारायचं असतं, "आलं का?" सुई हलकेच फिरवायची आणि रोग्यानं सांगायचं, हो आलं, जड वाटतंय, मुंग्या येतायत, बोटापर्यंत गेलं. ते आल्याशिवाय पांग सुई सोडत नाही. आता त्याला गप्प राहून टोचावं लागतं. तो म्हणतो, दार वाजवायचं आणि घरात कोण आहे विचारायचंच नाही, ही काय रीत झाली? आणि मजा अशी की बाजूला टोचलेल्यांनाही बरं वाटतं. खऱ्यांना जास्त, पण त्यांनाही बरंच. का वाटतं यावर मी रात्रंदिवस डोकं खपवलं, परदेशात जाऊन भाषणं दिली. माझं एक वाक्य विद्यार्थ्यांना पाठ आहे: रोगी बरं वाटतंय म्हणाला की त्यातून आधी भीड वजा करा. आपल्याकडचा माणूस डॉक्टरच्या तोंडावर बरं वाटत नाही असं म्हणत नाही. डॉक्टरनं एवढी मेहनत घेतली, त्याचं तोंड कसं उतरवायचं, म्हणून तो दुखत असताना हसतो, आणि वर संत्री आणून देतो. ती संत्री पुरावा म्हणून धरू नका, असं मी सांगते.

आणि माझ्या आईनं तशी संत्री आणली, म्हणजे बरं वाटतंय म्हणाली, तेव्हा मी काय केलं? सोलून खाल्ली. हे सगळं मला त्या गल्लीत स्कूटर ढकलत नेताना आठवत होतं, कारण गल्ली अरुंद होती, मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि आई पुढं चालली होती तिला इंजिनाचा आवाज नको म्हणून मी बंद केलं होतं. खरं तर माझी गाडी बॅटरीची, तिला आवाज नाहीच. पण मी चवड्यावरच चालत होते. सणाच्या आदल्या आठवड्यात आमचं भांडण झालं होतं. भांडण कसलं, मीच भांडले. आई नेहमीसारखं मुलाबद्दल बोलली, अमकीला नातू झाला, तमकीला जुळं, तुमचं काय ते ठरवा, वय काय थांबत नाही. नवरा वेईशान शेंगा सोलत होता, तो उठून गच्चीत गेला. शहाणा माणूस आहे. आणि मी म्हणाले, "तुझं एक डोकं जन्मभर मला पुरलंय. माझं डोकं कुणाच्या तरी गळ्यात बांधायची मला हौस नाही." आईच्या हातातली काठी, म्हणजे जेवणाची काठी, तशीच राहिली. तिनं ताटं उचलली. आणि सण संपल्यावर एक दिवस मला न विचारता पांगकडे जाऊन आडवी झाली, म्हणाली, टोच बाबा. इतकी वर्षं मी विनवण्या केल्या तेव्हा ती म्हणायची, महिन्यातलं दुखणं सुईनं जात नसतं. आता पांगनं काही वेळा टोचलं आणि गेलं म्हणे. मी किती आनंदले होते. विभागात सगळ्यांना सांगत सुटले, माझी आई बरी झाली. पांगला जेवायला बोलावलं. तो तिखटजाळ मासा खाताना सारखा माझ्या आईकडे बघत होता आणि आई त्याच्या वाटीत आणखी मासा टाकत होती. आता कळतंय, ती त्याचं तोंड बंद करत होती.

भीड वजा करा म्हणे. डोंबलाची भीड. सगळ्या जगाची वजा केली आणि घरातली राहून गेली.

आणि यात भर म्हणजे मला दिवस गेलेत. हे मी शेवटी सांगतेय कारण मी स्वतःलाही शेवटीच सांगते. वेईशानला माहीत आहे. तो म्हणतो, तू म्हणशील तसं. इतकं चांगलं वागणाऱ्या माणसाला फटकावता येत नाही म्हणून मला जास्त राग येतो. शुक्रवारी बाळंतपणाच्या डॉक्टरबाईंना सांगायचंय, ठेवायचं की नाही. या वयात ही शेवटचीच गाडी, असं त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं. मला नको आहे का? तसं नाही. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा पोटावर हात जातो, आणि हात जातो तेव्हा बरं वाटतं. पण लगेच मला ती जिन्यावर बसलेली मुलगी दिसते. कारण डोकं माझंही दुखतं. आईसारखंच, उजव्या बाजूनं, डोळ्याच्या मागून सुरू होतं. हे घराण्यातून येतं हे मी जगाला समजावून सांगते, आलेख दाखवते. मग मीही एक दिवस पडदे ओढून पडेन आणि दाराबाहेर कुणीतरी चवड्यावर चालेल, आणि मी हसत हसत पाहुण्यांना सांगेन की हिच्यामुळे. नाही सांगणार म्हणा. पण पोरांना सांगावं लागतं का? काल दुपारीच माझं डोकं भणभणत होतं. पांग सुई घेऊन आला, म्हणाला, आणा हात इकडे. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या मांसात जी जागा आहे ती डोकेदुखीची सगळ्यात नावाजलेली जागा. अभ्यास नसला तर आमच्याकडे पहिली सुई तिथंच. फक्त पोटुशीला तिथं टोचायचं नाही, दाबायचंही नाही, कळा सुटतात असं मानतात. आमच्याकडे कुठल्याही बाईला ती सुई लावण्याआधी विचारतात. पांगनं मला विचारलं नाही, इतक्या वर्षांत कधीच विचारायची वेळ आली नव्हती. मी हात मागं घेतला. त्यानं माझ्याकडे बघितलं, सुई परत ठेवली, आणि कोमट पाणी आणून टेबलावर ठेवलं. 

गल्लीच्या शेवटी चहाची बाग आहे. जुनी, गिंकोची झाडं, वेताच्या खुर्च्या, झाकणाच्या पेल्यातला चहा. पुढच्या बाजूला माहजोंगची टेबलं, त्या खेळातल्या चौकोनी सोंगट्यांचा खळखळाट, बायकांची हमरीतुमरी. आई तिथं थांबेल असं मला वाटलं. ती थांबली नाही. कुणीतरी हाक मारली, तिनं हात हलवला, आणि पार मागं, पाणी उकळायच्या खोलीच्या भिंतीला लागून एक खुर्ची होती तिथं जाऊन बसली. चहावाल्यानं न विचारता पेला आणून ठेवला आणि एक ओला टॉवेल. म्हणजे हे नेहमीचं होतं. आईनं टॉवेल डोळ्यांवर ठेवला, टोपी त्याच्यावर ओढली, आणि मान भिंतीला टेकवून बसून राहिली. मी झाडाआड उभी होते. कान साफ करणारा माणूस चिमटा वाजवत माझ्याभोवती दोनदा फिरून गेला. म्हणजे माझी आई डोकं दुखायला लागलं की भाजीच्या पिशवीत टोपी लपवून घराबाहेर पडत होती, कोपऱ्यावर जाऊन घालत होती, आणि इथं, परक्या भिंतीला टेकून, ओसरेपर्यंत थांबत होती. मग टोपी पिशवीत, वर कोथिंबीर, आणि घरी येऊन कुठलं डोकं. मला रडू आलं. म्हटलं, एवढं शहाणं कुणी व्हायला सांगितलं होतं हिला? घरात अंधारी खोली आहे, मी आहे, माझे अंगठे आहेत.

मी जाऊन तिच्या मागं उभी राहिले आणि टॉवेलच्या कडेनं दोन्ही कानशिलांवर अंगठे ठेवले. टोपीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. ती दचकली नाही. दाबू दिलं. मग म्हणाली, "आज सुट्टी घेतलीस?"

"नाही."

"मग पांगनं सांगितलं."

पांगला माहीत होतं तर. होतंच. मी म्हणाले, सिग्नलला दिसलीस. ती म्हणाली, तरी मी त्याला बजावलं होतं की हिला कळलं तर तुझ्याकडे पुन्हा पाय ठेवणार नाही. सुया चांगल्या होत्या म्हणे, दोन-चार दिवस हलकं वाटायचं, पण जातं कुठं. मी खुर्ची ओढून समोर बसले. टॉवेल काढला तर तिचा उजवा डोळा अर्धा मिटलेला होता, त्यातून पाणी गळत होतं. मला ओरडायचं होतं. खरंच, तयारी करून बसले होते, की माझी फसवणूक केलीस, मी डॉक्टर आहे, मी आख्ख्या विभागाला सांगितलं. पण तो डोळा बघितला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत निघतं तेच निघालं. अर्धशिशीचा रोगी समोर बसला की पहिला प्रश्न. हा प्रश्न मी परक्या हजारो बायकांना विचारला असेल. आईला कधी विचारला नव्हता, कारण उत्तर मला जन्मापासून पाठ होतं.

"कधीपासून दुखतंय?"

आई माझ्याकडे एका डोळ्यानं बघत राहिली. वाटलं, म्हणेल, तुझ्या महिन्यात डोकं धुतलं तेव्हापासून. पेल्याचं झाकण तिनं उचललं, पानं बाजूला सारली, परत ठेवलं.

"शाळेत होते," ती म्हणाली. "पाचवी-सहावीत. मुळ्या वाळवायच्या खोलीत."

मग ती बोलायला लागली, आणि मध्ये मध्ये थांबत होती कारण बोललं की ठणकत होतं. मे महिन्यात मुळी खणायची, मग धुराच्या खोलीत रात्रंदिवस वाळवायची, आत गेलं की डोळे चुरचुरायचे. तिथं पहिल्यांदा तिच्या डोळ्यापुढं काजवे चमकले आणि उजवी बाजू फुटायला लागली. आख्ख्या देशाची डोकेदुखी थांबवणारी मुळी, आणि मलाच लागू पडेना, असं म्हणून ती जराशी हसली. तिच्या आईनं पाठीत धपाटा घातला की कामचुकार आहे. लग्न होऊन चेंगडूला आली तर इथं माझी आजी. ताप असला तरी गिरणीत उभी राहणारी. तिच्यापुढं नव्या सुनेनं डोकं दुखतं म्हणून आडवं व्हायचं? आई मोरीत जाऊन ओकायची आणि तोंड धुऊन परत चुलीपाशी यायची. मग मी झाले. ऑगस्टचा उकाडा, खिडक्या बंद, डोक्याला फडकं, केसांत घामोळं, दुधाचा वास. एक दिवस आजी कोळशाच्या रांगेत गेली होती. किटलीत उकळून गार झालेलं पाणी होतं.

"का धुतलंस?" मी विचारलं.

"मला धुवावंसं वाटलं म्हणून." आई म्हणाली. "तू झोपली होतीस. मी किटली घेतली आणि ओतली डोक्यावर. काय सांगू तुला याओमेई, तसं पाणी मला पुन्हा कधी लागलं नाही. केस ओले सोडून मी तुझ्याशेजारी पडले होते आणि खिडकी उघडली होती थोडी. तुझ्या आजीनं येऊन बघितलं तेव्हा मी गाणं म्हणत होते."

आजीनं आकांत केला. आठवड्यानं आईचं डोकं दुखलं, नेहमीसारखंच, जसं पाचवीपासून दुखत आलं होतं तसंच. पण आता आजीच्या लेखी ते महिन्यातलं दुखणं होतं. त्याला मान होता. आजीनं स्वतःच्या हातानं फडकं बांधलं, पडदे ओढले, माशाचं डोकं आणलं, शेजारणीला जाऊन सांगितलं की आवाज करू नका, आमच्या सुनेला महिन्यात वारा लागलाय. ज्या घरात ती उभ्यानं ओकत होती त्याच घरात तिला दुपारी दार बंद करून झोपायला मिळालं. मग तिनं कशाला सांगावं की हे जुनं आहे? आजी गेली तेव्हा सांगता आलं असतं. पण तोवर ते इतकं तोंडात बसलं होतं की तिलाच खरं वाटायला लागलं होतं. शपथेवर विचारलं असतं तरी मी महिनाच सांगितला असता, असं ती म्हणाली. "मी लोकांना सांगायचे," आई म्हणाली, "आणि तू तिथंच कुठंतरी असायचीस, पुस्तक घेऊन. तू ते गिळत बसलीयस हे मला कळलंच नाही गं. त्या दिवशी तू बोललीस तेव्हा कळलं. मला वाटलं, आता काय करू? डोकं तर बंद करता येत नाही. मग म्हटलं, तोंड तरी बंद करावं."

 इतक्या वर्षांचं माझं ते ओझं, ते एका तरुण बाईच्या गार अंघोळीतून आलं होतं, आणि त्या अंघोळीत ती गात होती. मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट त्या ओल्या केसांच्या पोरीशेजारी मी झोपले होते, खिडकी थोडी उघडी होती, याचा मला इतका आनंद झाला की काय करावं कळेना. पुढं माहजोंगच्या टेबलावर कुणीतरी जिंकलं, सोंगट्या धाडकन उलथल्या, आणि तो आवाज माझ्या उजव्या डोळ्यामागं जाऊन बसला. मी कपाळ चोळलं.

"तुझंही सुरू झालं," आई म्हणाली.

"थोडं."

"मला झोप मिळाली ती तुझ्यामुळे," ती म्हणाली. "हे लक्षात ठेव. दुखलं ते तुझ्यामुळे नाही. आण हात इकडे."

मी हात दिला. लहानपणी माझं डोकं दुखलं की ती हेच करायची. तिचा अंगठा सवयीनं माझ्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधल्या मांसावर आला, त्या जागेवर, जी जागा आमच्या गावातल्या कुठल्याही बाईला झोपेतही सापडते. आला, टेकला. आणि तिथंच थांबला. दाबलं नाही.  आईनं अंगठा उचलला, माझा हात उलटा करून स्वतःच्या मांडीवर ठेवला, पुढं वाकली, आणि दोन्ही हातांनी माझी कानशिलं धरली.

"तिथं नको आता," ती म्हणाली.

कधी कळलं तुला, असं मी विचारलं. ती म्हणाली, मागच्या पौर्णिमेला तू माशाच्या डोक्याचं कालवण टाकून उठून गेलीस, वेईशाननं तुझी वाटी संपवली आणि माझ्याकडे बघितलं नाही. एवढं पुरे आहे. मग इतके दिवस गप्प का बसलीस? तर म्हणाली, तू ठरव. तू ठरवशील ते ठरवशील. माझ्या डोक्यामुळे मात्र काही ठरवू नकोस, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि तेवढ्यासाठीच मी इथं येऊन बसत होते. असं म्हणत ती दाबत होती, घाई न करता, त्याच खळग्यात. एका डोळ्यातून तिच्या पाणी येत होतं आणि दोन्ही डोळ्यांतून माझ्या. चहावाला गरम पाणी ओतायला आला आणि आम्हाला बघून परत गेला.

"आलं का?" आईनं विचारलं.

आलं होतं. जड वाटत होतं, मुंग्या येत होत्या, पार पोटापर्यंत गेलं होतं. मी मान हलवली. मग म्हणाले, "मी महिन्यात डोकं धुणार आहे. आत्ताच सांगून ठेवते."

आईचे अंगठे क्षणभर थांबले. म्हणजे मी ठेवणार होते. हे माझं मलाही तेव्हाच ऐकू आलं.

"धू," ती म्हणाली. "आलं घालून पाणी मी तापवीन. खिडकी मात्र सगळी उघडायची नाही."

आम्ही निघालो तेव्हा अकरा वाजून गेले होते. हॉस्पिटलमध्ये पांगला निरोप पाठवला की आज येत नाही, आणि त्याच्याशी मला उद्या भांडायचंय. त्यानं उलट निरोप पाठवला की भांडायला येताना संत्री आणा. आई स्कूटरवर माझ्या मागं बसली, भाजीची पिशवी मांडीवर, एक हात माझ्या पोटावरून हलकेच धरलेला. मी वाऱ्याला भिऊन सावकाश चालवत होते, मागचे हॉर्न वाजवत होते, मी वाजू दिले. कोपऱ्यावर, जिथं ती एरवी थांबून टोपी पिशवीत टाकायची तिथं, मी जरा गती कमी केली. ती काही उतरली नाही. टोपी घालूनच घरी आली, चपला काढल्या, खोलीत गेली, आणि आतून तिनं मला पडदे ओढायला सांगितले.